माळ्याच्या पैशाला कात्री लावू नका

पुणे महानगरपालिकेच्या स्थायी समितीचे माननीय अध्यक्ष आणि सदस्य यांस,



15 जानेवारी 2026 रोजी मतदान झालं आणि जवळजवळ चार वर्षांनी पुण्याला पुन्हा नगरसेवक मिळाले. मार्च 2022 पासून अंदाजपत्रक आयुक्तच तयार करत होते आणि प्रशासक म्हणून तेच मंजूरही करत होते. त्या काळातही शहर चाललं, कामंही झाली. पण अमुक प्रभागातल्या बागेला दोन महिने पाणी का नाही, हे भर सभेत उभं राहून विचारणारं कुणी नव्हतं. आता आपण आहात. आयुक्तांचं अंदाजपत्रक आधी आपल्या समितीपुढे येतं, कुठे भर घालायची आणि कुठे काटछाट करायची हे आपण ठरवता, मगच ते मुख्य सभेकडे जातं. या अधिकारातून आपण एक काम करावं, एवढ्यासाठी हे पत्र आहे. उद्यानांच्या देखभालीचा पैसा वर्षभर कुणीही दुसरीकडे वळवू शकणार नाही, अशी तजवीज करा.

मागणी लहान वाटेल. 2024-25 चं आयुक्तांचं अंदाजपत्रक 11,601 कोटींचं होतं, 2025-26 चं 12,618 कोटींचं. रस्ते, पाणीपुरवठा, सांडपाणी, पूल यांच्या रकमांपुढे माळ्यांचा, खताचा, पाइपांचा आणि झोपाळ्याच्या साखळ्यांचा खर्च नजरेतही भरत नाही. नजरेत भरत नाही म्हणूनच तो आधी कापला जातो.

या कापाकापीला कायद्याचंही बळ मिळतं. महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियम 1949 चा. त्यातल्या कलम 63 मध्ये महापालिकेची बंधनकारक कर्तव्यं आहेत आणि कलम 66 मध्ये ऐच्छिक. रस्ते, गटारं, दिवाबत्ती पहिल्या यादीत. सार्वजनिक बागा आणि क्रीडांगणं दुसऱ्या यादीत. पुढे 1992 च्या 74 व्या घटनादुरुस्तीने बारावी अनुसूची आणली आणि नागरी संस्थांच्या 18 विषयांत उद्यानं, बागा, क्रीडांगणं स्पष्टपणे घातली. म्हणजे राज्यघटनेने बागेला शहराच्या कारभाराचा भाग मानलं, पण अंदाजपत्रकाच्या टेबलावर अजूनही जुन्या कायद्यातला ‘ऐच्छिक’ शब्दच वजनदार ठरतो. पैसा कमी पडला की ऐच्छिकावर आधी हात पडतो. कायदा बदलणं आपल्या हातात नाही. अंदाजपत्रकातलं खर्चाचं शीर्ष आपल्या हातात आहे.

बाग कशी मरते, हे इथे सविस्तर सांगितलं पाहिजे, कारण ती मरताना कागदावर काहीच दिसत नाही. उद्घाटन होतं तेव्हा हिरवळ असते, कारंजं असतं, रंगीत घसरगुंडी असते. ठेकेदाराकडे दोषदायित्वाचा काळ असतो, तोवर सगळं नीट. मग बोअरवेलची मोटर जळते. दुरुस्तीची रक्कम फार नसते, पण तिच्यासाठी त्या वर्षी तरतूद उरलेली नसते, म्हणून प्रस्ताव फिरत राहतो. मार्च-एप्रिलमध्ये मोटर बंद म्हणजे हिरवळ संपली. ती संपली की माती उघडी पडते आणि पहिल्याच पावसात चिखल होतो. चिखल होतो म्हणून कुणीतरी पेव्हिंग ब्लॉक सुचवतं, आणि ते काम मात्र भांडवली असल्यामुळे चटकन मंजूर होतं. ब्लॉक बसवताना झाडांची आळी बुजतात, मुळांना पाणी मिळत नाही, चार-पाच वर्षांत दोन झाडं वाळतात.

दरम्यान झोपाळ्याची एक साखळी तुटते. तुटलेला झोपाळा धोकादायक म्हणून काढून ठेवतात. तो परत येत नाही. दोन दिवे जातात, मग त्या कोपऱ्यात संध्याकाळनंतर कुणी बसत नाही. बायका सातच्या आत घरी जाऊ लागतात, मग सहाच्या आत, मग येईनाशाच होतात. मुलांना घेऊन येणारे आजी-आजोबा थांबतात, कारण स्वच्छतागृहाला कुलूप असतं आणि त्या वयात तासभर बाहेर राहायचं तर स्वच्छतागृह लागतंच. आता बागेत येणारी माणसं कमी झाली, म्हणून सुरक्षारक्षक एकाच पाळीचा. रक्षक नाही म्हणून दारूच्या बाटल्या. मग शेजारच्या सोसायट्याच अर्ज करतात की बाग बंद ठेवा. आणि फाटकाला कुलूप लागल्यावर दोन-तीन वर्षांनी त्याच जागेच्या नूतनीकरणाची मोठी निविदा निघते.

या साखळीत भ्रष्टाचार असायलाच हवा असं नाही. प्रत्येक टप्प्यावर प्रत्येक माणूस आपापल्या चौकटीत बरोबर वागत असू शकतो. कनिष्ठ अभियंत्याकडे खरंच तरतूद नसते, उद्यान अधीक्षकांकडे खरंच माणसं नसतात. चूक अंदाजपत्रकाच्या रचनेत आहे. बांधायला पैसा सहज मिळतो, सांभाळायला मिळत नाही, आणि न सांभाळल्यामुळे पुन्हा बांधायला मिळतो. मोटर वेळेवर दुरुस्त झाली असती तर वाचला असता, असा कितीतरी पटींनी मोठा खर्च शेवटी करदात्याच्याच माथी येतो.

उलट उदाहरण शोधायला लांब जायला नको. सिंहगड रस्त्यावरचं पु. ल. देशपांडे उद्यान जपानमधल्या ओकायामा शहरातल्या कोराकुएन उद्यानाच्या धर्तीवर केलेलं आहे. मूळ कोराकुएन 1700 साली पूर्ण झालं. 1934 च्या पुरात त्याची हानी झाली, 1945 च्या बॉम्बवर्षावात पुन्हा झाली, आणि दोन्ही वेळा जुनी चित्रं आणि आराखडे समोर ठेवून ते होतं तसं उभं केलं गेलं. तीनशे वर्षं ते टिकलं, कारण पिढ्यान्पिढ्या कुणीतरी रोज सकाळी तिथली झाडं छाटली आणि पाण्यातला पाला काढला. आपण त्या उद्यानाचा आराखडा आणला. त्यामागची रोजची मेहनतही आणल्याशिवाय तो आराखडा अपुरा राहतो. जपानी पद्धतीच्या बागेत छाटणी एक हंगाम चुकली तरी आकार बिघडतो आणि वाहतं पाणी थांबलं की शेवाळ धरतं. तिथे येणाऱ्या माणसांना ती बाग सुंदर वाटते, याचं श्रेय मी आराखड्यापेक्षा तिथल्या माळ्यांना जास्त देते.

सारसबागही तशीच. पर्वतीच्या पायथ्याचं तळं नानासाहेब पेशव्यांच्या काळातलं, तळ्यातल्या गणपतीची स्थापना 1784 मध्ये सवाई माधवरावांच्या काळातली. तळं गेलं, बाग आली, थंडीत गणपतीला लोकरीचे कपडे घालायची रीत आली, दिवाळी पहाट आली. शेजारच्या पेशवे पार्कातले प्राणी पुढे कात्रजला गेले, पण 1956 साली सुरू झालेली फुलराणी पुणेकरांच्या तीन पिढ्यांनी अनुभवली. छोट्या रेल्वेचा रूळ, इंजिन, डबे यांना वर्षानुवर्षं कुणीतरी तेलपाणी केलं म्हणून आजी आपल्या नातीला सांगू शकते की मीही यात बसले होते. शहराच्या आठवणी अशाच टिकतात, अंदाजपत्रकातल्या एखाद्या बारीक ओळीच्या आधाराने.

आता त्या ओळीकडे येते. महापालिकेच्या कामकाजात ‘वर्गीकरण’ ही रोजची गोष्ट आहे. एका शीर्षाखालची तरतूद दुसऱ्या शीर्षाकडे वळवायची. तातडीच्या प्रसंगी ते करावंच लागतं. मुसळधार पावसात पूल खचला तर पैसा कुठून तरी काढावा लागेल. पण वर्षाच्या उत्तरार्धात वर्गीकरणाचे प्रस्ताव येऊ लागतात तेव्हा देखभालीची शीर्षं हाताशी असतात. तिथला पैसा अजून खर्च झालेला नसतो, कारण माळ्याचा पगार आणि खताची खरेदी बारा महिन्यांत विभागलेली असते. ऑक्टोबरमध्ये शिल्लक दिसणारी रक्कम ही शिल्लक नसते, ती फेब्रुवारी-मार्चचं पाणी असतं. हा फरक वर्गीकरणाच्या प्रस्तावात लिहिलेला नसतो. आपण तो विचारायला हवा.

नगरसेवकांच्या ‘स’ यादीविषयीही मनापासून सांगते. प्रभागातली कामं सुचवायचा आपला हक्क मला मान्य आहे, तो असावाच. पण त्या यादीत बाकडी, कमानी, नामफलक, सुशोभीकरण हीच कामं सोयीची पडतात, कारण ती दिसतात. एखादा नगरसेवक उठून म्हणाला की माझ्या यादीतली रक्कम या प्रभागातल्या तीन जुन्या बागांच्या दोन वर्षांच्या देखभालीला द्या, तर त्याच्या नावाची पाटी कुठेच लागणार नाही. तरीही त्या बागेत रोज येणाऱ्या माणसांना ते कळेल, आणि मतं त्यांचीही असतात.

पैसा कमी आहे, हे मी नाकारत नाही. महापालिकेच्या उत्पन्नाचं काय झालं, हे सामान्य पुणेकरालाही थोडंफार ठाऊक आहे. एप्रिल 2013 मध्ये जकात गेली आणि एलबीटी, म्हणजे स्थानिक संस्था कर, आला. जुलै 2017 मध्ये जीएसटी आला आणि महापालिका राज्याकडून मिळणाऱ्या अनुदानावर विसंबू लागली. स्वतःच्या हातात राहिले मुख्यतः मिळकतकर आणि बांधकाम परवानगीतून येणारी शुल्कं. यातलं दुसरं उत्पन्न बाजाराच्या तेजी-मंदीवर हेलकावे खातं. पण त्यातच एक न्याय्य मार्गही आहे. ज्या इमारतींमुळे हे शुल्क येतं, त्याच इमारती नवी वस्ती आणतात आणि त्या वस्तीला मोकळी जागा लागते. केंद्र सरकारच्या 2014 च्या नगरनियोजन मार्गदर्शक तत्त्वांत माणशी 10 ते 12 चौरस मीटर मोकळी जागा असावी असं म्हटलं आहे. पुण्याच्या दाट पेठांत किंवा नव्या टॉवरांच्या भागात हा हिशेब करून पाहा. बांधकामातून येणाऱ्या उत्पन्नाचा एक ठरावीक हिस्सा त्याच भागातल्या मोकळ्या जागांच्या देखभालीसाठी राखून ठेवला, तर तेजीच्या वर्षी जमलेला पैसा मंदीच्या वर्षी बागा जगवील. मिळकतकराच्या बिलात आम्ही वृक्षकरही भरतो. तो पैसा कोणत्या झाडांवर खर्च झाला, हे प्रत्येक क्षेत्रीय कार्यालयानुसार सांगता येणं अवघड नाही.

पैसा उभा करण्याचा एक मार्ग मात्र कृपा करून पुन्हा उघडू नका. 2021 मध्ये शहरातल्या अ‍ॅमेनिटी स्पेस, म्हणजे सार्वजनिक सुविधांसाठी राखलेल्या जागा, खासगी संस्थांना दीर्घ मुदतीच्या भाड्याने देऊन उत्पन्न मिळवायचा प्रस्ताव आला होता. तेव्हा नागरिकांनी त्याला मोठा विरोध केला, तो योग्यच होता. वस्ती वाढत असताना तिच्या वाट्याची मोकळी जागा तीस-तीस वर्षं दुसऱ्याच्या हाती देऊन एका वर्षाची तूट भरायची, हा व्यवहार पुढच्या नगरसेवकांचे हात बांधतो. मुंबईत मैदानं दत्तक देण्याच्या धोरणाचं काय झालं, हे आपण पाहिलं आहे. 2016 च्या सुरुवातीला तिथल्या नव्या धोरणाला इतका विरोध झाला की मुख्यमंत्र्यांना स्थगिती द्यावी लागली. स्थानिक लोक, सोसायट्या, संस्था यांनी बाग सांभाळायला हातभार लावणं आणि बागेचा ताबा घेणं यात मोठं अंतर आहे. पहिल्याचं स्वागत करा, दुसऱ्याला सही देऊ नका.

समाविष्ट गावांचा प्रश्न तर आणखी कठीण आहे. 2017 मध्ये 11 आणि 2021 मध्ये 23 गावं शहरात आली. त्यातली दोन पुढे वेगळी झाली, तरी क्षेत्रफळाने पुणे केवढं पसरलं, हे नकाशा पाहिला की कळतं. त्या भागांत मोठमोठे गृहप्रकल्प आहेत, मिळकतकराची बिलंही वेळेवर जातात, पण सार्वजनिक बाग म्हणावी अशी जागा फार थोड्या ठिकाणी आहे. सोसायटीच्या आतली हिरवळ ही सार्वजनिक बाग नव्हे. तिथे सोसायटीत काम करणाऱ्या बाईच्या मुलाला खेळता येत नाही. नवी उद्यानं बांधायचीच असतील तर तिथे बांधा. आणि बांधण्याच्या प्रत्येक प्रस्तावाला पुढच्या पाच वर्षांच्या देखभालीचा खर्च जोडलेला असावा, म्हणजे मंजुरी देताना आपल्याला माहीत असेल की आपण नेमक्या किती खर्चाला हो म्हणतो आहोत. नसेल जोडलेला, तर तो प्रस्ताव परत पाठवायचं धाडस दाखवा.

आता झाडांविषयी थोडं, पण सुरुवात पाण्यापासून. खडकवासला साखळीत चार धरणं आहेत आणि सगळी मिळून जेमतेम 29 टीएमसी पाणी साठतं. त्यातून शहराची तहान भागवायची आणि शेतीलाही द्यायचं. अशा शहरात मोठमोठ्या हिरवळींचा हट्ट परवडत नाही. जिथे हिरवळ आहे तिथे प्रक्रिया केलेलं सांडपाणी वापरायला हवं, आणि नवीन जागी बहावा, पांगारा, कांचन, करंज, कडुनिंब असे वृक्ष लावायला हवेत. पहिली दोन-तीन वर्षं त्यांना आळी करून पाणी दिलं की पुढे ते स्वतःच्या बळावर उभे राहतात आणि एप्रिल-मे महिन्यात सावली देतात. देखभालीचा खर्च कमी करायचा हा प्रामाणिक मार्ग आहे. बागेतला पाला जाळू नका, उचलूनही नेऊ नका; तिथेच खड्डा करून खत करा. जाणते माळी हे कुणी शिकवण्याआधीपासून करत आले आहेत. त्यांना फक्त जागा आणि वेळ द्या.

सावलीवरून वेळेची गोष्ट निघते. पुण्यातल्या बहुतेक उद्यानांची फाटकं सकाळी दहा-अकराच्या सुमारास बंद होतात आणि दुपारी चारनंतर उघडतात. ही वेळ सकाळी चालायला जाणाऱ्यांच्या सोयीची आहे. पण भर उन्हात घरोघर खाणं पोचवणारी मुलं, दोन घरांच्या कामांमध्ये तासभर मोकळ्या असलेल्या बायका, खोलीत पंखा नसलेले स्पर्धा परीक्षांचे विद्यार्थी, रिक्षावाले, मजूर यांना सावली हवी असते ती नेमकी याच वेळात. ती सावली त्यांच्याही करातून वाढलेली आहे, कारण भाड्यातून मिळकतकर तेही भरतात. प्रत्येक क्षेत्रीय कार्यालयाच्या हद्दीत निदान दोन बागा उन्हाळ्यात दुपारी उघड्या ठेवा. एक पाळी जास्तीच्या रक्षकाची आणि एका माळ्याची, एवढाच त्याचा खर्च. याच उन्हाळ्यात करून पाहा आणि किती लोक येतात ते मोजा.

लोकांना विचारण्याची सवय या शहराला आहे, हा माझ्या आशेचा मोठा आधार. ब्राझीलमधल्या पोर्तो अलेग्रे शहराने 1989 मध्ये लोकसहभागातून अंदाजपत्रकाची पद्धत सुरू केली. पुण्याने 2006-07 मध्ये ती स्वीकारली, तेव्हा देशातल्या फारच थोड्या शहरांनी असा विचार केला होता. नागरिक अर्ज भरतात, पाच लाखांपर्यंतची कामं सुचवतात, प्रभाग समिती निवड करते. पद्धत टिकली, याचं मला कौतुक आहे. पण तिचा आवाका वाढायला हवा. नागरिकांच्या सूचना बहुतेक पदपथ, दिवे, बाकडी अशा एकदाच होणाऱ्या कामांच्या असतात, कारण अर्जच तसा आहे. त्याच अर्जावर एक रकाना वाढवा: ‘तुमच्या जवळच्या उद्यानात कोणती देखभाल हवी?’ लोक माळी मागतील, स्वच्छतागृहाची रोजची सफाई मागतील, तुटलेल्या झोपाळ्याची साखळी मागतील. आणि मागण्या आल्या की त्यांचं काय झालं, हे त्याच लोकांना कळवा. क्षेत्रसभेची तरतूद 2009 पासून कायद्यात आहे. ती प्रत्यक्षात आणायची असेल तर सुरुवात बागेच्या कट्ट्यावरच होऊ शकते.

आणि प्रत्येक उद्यानाच्या फाटकावर एक साधा मराठी फलक लावा. क्षेत्रफळ किती, यंदाची देखभालीची तरतूद किती, आतापर्यंत खर्च किती, ठेकेदार कोण, माळी किती जण आणि कोणत्या पाळीत, तक्रार कुठे करायची. दर तीन महिन्यांनी आकडे बदला. माहितीचा अधिकार कायद्याने 2005 पासूनच महापालिकेवर माहिती स्वतःहून जाहीर करण्याची जबाबदारी टाकली आहे. कपात झाली तर ती त्या फलकावर दिसेल आणि रोज चालायला येणाऱ्या शंभर माणसांच्या नजरेला पडेल. त्यानंतर वर्गीकरणाचा प्रस्ताव आणणारा माणूस दोनदा विचार करेल, आणि त्याला विरोध करणाऱ्या नगरसेवकाच्या पाठीशी लोक उभे राहतील.

हे सगळं एका बैठकीत होणार नाही. पण पुढची एक गोष्ट एका ठरावाने होऊ शकते. प्रत्येक क्षेत्रीय कार्यालयाच्या उद्यान देखभालीचं स्वतंत्र शीर्ष करा, आणि आर्थिक वर्ष संपेपर्यंत त्यातून इतरत्र वर्गीकरण होणार नाही असं त्या ठरावात लिहा. आपत्तीचा अपवाद ठेवा, पण त्या अपवादाचं कारण मुख्य सभेत वाचून दाखवायचं बंधनही घाला. पुढच्या वर्षीच्या नागरिकांच्या सूचना मागवण्याआधी हा ठराव मंजूर झाला, तर त्या अर्जात मी माझ्या भागातल्या बागेसाठी एक माळी मागणार आहे, आणि शेजारपाजारच्या घरांतूनही तीच मागणी यावी म्हणून दारोदार जाणार आहे.

आपली,
एक करदाती पुणेकर